जुनी डिझेल पिकअप विकत घेताना: मुंबईतील खरेदीदारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई परिसरात माल पोचवण्याचा छोटा व्यवसाय करणाऱ्यांना नवी गाडी परवडतेच असे नाही, म्हणून बोलेरो पिकअप, टाटा योद्धा, टाटा २०७, इंट्रा, अशोक लेलँड दोस्त किंवा ‘छोटा हत्ती’ म्हणून ओळखली जाणारी टाटा एस यांपैकी एखादी वापरलेली गाडी शोधली जाते. आमच्या घरच्या किराणा पुरवठ्याच्या धंद्यासाठी मी अशा तीन गाड्या घेतल्या. त्यांपैकी दोन चांगल्या निघाल्या आणि एकीने बराच त्रास दिला. खालील उत्तरांमध्ये त्या तिन्ही व्यवहारांचा अनुभव आलेला आहे.

गाडी पाहायला गेल्यावर सर्वांत आधी काय विचारावे?

‘या गाडीने आजवर काय वाहिले?’ हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा. बहुतेक खरेदीदार मॉडेल, किलोमीटर आणि किंमत याच क्रमाने विचारतात; परंतु पिकअपची झीज ही मुख्यतः मालावर आणि तो वाहण्याच्या पद्धतीवर अवलंबून असते. ससून डॉक किंवा भाऊच्या धक्क्यावरून मासळी वाहणाऱ्या गाडीच्या हौद्यात रोज बर्फाचे खारट पाणी साचते आणि ते तळाच्या पत्र्यातून झिरपत चेसिसवर उतरते. रेती, खडी व सिमेंट वाहणारी गाडी पत्र्याने बरी दिसली तरी तिचे पाटे (लीफ स्प्रिंग), ॲक्सल आणि क्लच यांच्यावर क्षमतेबाहेरचा भार पडलेला असतो. फुले, बेकरीचा माल, औषधे किंवा मंडपाचे कापड वाहणाऱ्या गाडीला एवढा ताण पडत नाही.

मालक खरे सांगेलच असे नाही, पण हौदा ते लपवू शकत नाही. फाळका उघडून तळाचा पत्रा पाहावा. कोपऱ्यांत सिमेंटचे घट्ट झालेले थर, गोल टाक्यांच्या किंवा सिलिंडरच्या कडांनी पडलेले अर्धचंद्राकृती वळ, कडेच्या खोबणीत अडकलेले खवले किंवा बाजारच्या पाल्याचा कुजका वास यांवरून गाडीचा पूर्वेतिहास कळतो. हौद्यात नव्याने रबरी मॅट अंथरली असेल तर ती उचलून पाहिल्याशिवाय पुढे बोलू नये. मी नाकारलेल्या एका गाडीत मॅटखाली ताजा काळा रंग होता. त्यावर स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोकले तेव्हा रंगासकट गंजाचा नाण्याएवढा पापुद्रा सुटून खाली पडला आणि त्या भोकातून मागचे चाक दिसू लागले.

मीटरवरील किलोमीटर कितपत खरे मानावेत?

मीटर मागे फिरवणे अवघड नाही, त्यामुळे केवळ आकड्यावर विसंबू नये. क्लच आणि ब्रेकच्या पेडलवरील रबर, स्टिअरिंगची पकड, चालकाच्या आसनाची दाराकडील कड आणि गिअरच्या दांड्याचा गोळा यांची झीज आकड्याशी जुळते का ते पाहावे. साठ हजार किलोमीटर दाखवणाऱ्या गाडीचे क्लच पेडल गुळगुळीत होऊन लोखंड दिसू लागले असेल तर तो आकडा सोडून द्यावा. अधिकृत सर्व्हिस सेंटरमधील जुन्या पावत्यांवर आणि पासिंगच्या (फिटनेस तपासणीच्या) कागदांवर तारखेसह किलोमीटर लिहिलेले असल्यास ते तपासावेत.

दुसरी गोष्ट अशी की मुंबईत किलोमीटर कमी आणि इंजिन चालू राहण्याचे तास जास्त असतात. मस्जिद बंदर ते कुर्ला हे थोडकेच अंतर, पण दुपारच्या वाहतुकीत त्याला दीड तास सहज लागतो आणि तेवढा सगळा वेळ क्लच अर्धवट दाबलेला असतो. म्हणून नाशिक किंवा पुण्याहून महामार्गाने माल आणणारी दीड लाख किलोमीटर झालेली गाडी ही मुंबईतल्या गल्ल्यांत ऐंशी हजार झालेल्या गाडीपेक्षा इंजिनाने अनेकदा चांगली निघते, असे माझे मत आहे. मात्र तिने घाटात ब्रेक आणि डिफरन्शियलवर (मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरवर) काय सोसले आहे ते वेगळे तपासावे लागते.

बीएस-४ घ्यावी की बीएस-६?

बीएस म्हणजे भारत स्टेज, अर्थात गाडीच्या धुरातील प्रदूषणाची सरकारी मर्यादा. मुंबईत बीएस-४ मानक २०१० पासून, तर उर्वरित देशात बहुतेक ठिकाणी १ एप्रिल २०१७ पासून लागू झाले. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ आले आणि त्याचा दुसरा टप्पा १ एप्रिल २०२३ पासून सुरू झाला. बीएस-४ गाडीची दुरुस्ती कुर्ल्यातील कोणताही जाणता मिस्त्री करू शकतो आणि तिचे सुटे भाग सहज मिळतात. परंतु आता तिचे वय वाढले आहे आणि आठ वर्षे उलटली की पासिंगचा खर्च दरवर्षी येतो. बीएस-६ गाडी स्वच्छ आणि ताकदीने चांगली असते, पण तिच्या धूर शुद्ध करणाऱ्या यंत्रणेकडे पूर्वीच्या मालकाने लक्ष दिले नसेल तर तो भुर्दंड नव्या मालकावर पडतो.

बीएस-६ गाडीतील डीपीएफची इतकी चर्चा का होते?

डीपीएफ म्हणजे सायलेन्सरच्या मार्गात बसवलेली, काजळी अडवून ठेवणारी गाळणी होय. अडकलेली काजळी ठरावीक काळाने जाळून टाकावी लागते, आणि त्यासाठी धुराचे तापमान वाढून काही वेळ टिकावे लागते. महामार्गावर सलग वेगाने गाडी चालली की हे आपोआप घडते. दादरच्या बाजारातून परळपर्यंत आणि तिथून पुन्हा बाजारात अशा तुटक फेऱ्या करणाऱ्या गाडीत मात्र ही प्रक्रिया दर वेळी अर्ध्यात तुटते. काजळी साठत जाते, डॅशबोर्डवर दिवा लागतो, ताकद कमी होते आणि शेवटी गाडी ठरावीक वेगापलीकडे जातच नाही. काही इंजिनांत काजळी जाळण्यासाठी सोडलेले जादा डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरते. म्हणून डिपस्टिकवरील ऑइलची पातळी कमाल खुणेच्या वर असेल आणि त्याला डिझेलचा वास येत असेल तर ती ‘ऑइल भरपूर आहे’ अशी शुभवार्ता समजू नये.

इंजिन सुरू न करता किल्ली ‘ऑन’वर फिरवल्यावर इंजिन, डीपीएफ आणि ऑइल यांचे दिवे लागले पाहिजेत आणि इंजिन सुरू झाल्यावर विझले पाहिजेत. दिवा मुळीच लागत नसेल तर तो बंद करून ठेवलेला आहे, असे समजावे. स्कॅनर जोडून साठवलेले दोष आणि काजळीची पातळी वाचून घेण्यास लागणारे पैसे या व्यवहारातील सर्वांत सार्थकी लागणारे पैसे असतात. काही जण गाळणी आतून पोकळ करून वरचे कवच तसेच ठेवतात. अशा गाडीच्या धुराड्याच्या टोकाला आतून बोट फिरवले की काळी काजळी लागते, आणि चांगल्या डीपीएफच्या गाडीत ते जवळजवळ कोरडे व स्वच्छ राहते. ज्या मॉडेलमध्ये युरियाच्या द्रावणाची, म्हणजे डीईएफची वेगळी टाकी असते, तिथे टाकीचे झाकण, त्याभोवती जमलेले पांढरे स्फटिक आणि पंपाचा दोष हेही पाहावे. या द्रावणात ३२.५ टक्के युरिया असतो. त्याऐवजी टाकीत पाणी घालून गाडी चालवल्याची उदाहरणे मिस्त्री मंडळी नेहमी सांगतात.

इंजिन थंड असतानाच गाडी का सुरू करून पाहावी?

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून ती इतकी तापवली जाते की त्यात फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. दाब कमी झाला असेल, डिझेल फवारणारे नोझल गळत असतील किंवा हीटर प्लग निकामी असतील तर त्याचा पुरावा थंड इंजिन सुरू करतानाच मिळतो. तापलेले इंजिन हे सगळे दोष झाकून टाकते. विक्रेत्याला ही गोष्ट तुमच्या आमच्यापेक्षा चांगली माहीत असते. एका विक्रेत्याने मला सकाळी नऊची वेळ दिली होती. मी साडेसातलाच पोचलो तर बॉनेट बंद, गाडी बंद आणि मालक चहा पिण्यात मग्न होता, पण बॉनेटवर तळहात ठेवला तर तो चटका बसण्याइतका गरम होता. मी ‘उद्या येतो’ म्हणून निघालो आणि पुन्हा गेलो नाही.

बॉनेटला आणि रेडिएटरच्या वरच्या पाइपला हात लावून गाडी थंड असल्याची खात्री करावी, मग सेल्फ मारावा. दोन-तीन सेकंदांत इंजिन धरले पाहिजे. बराच वेळ सेल्फ फिरवावा लागला, ॲक्सिलरेटर दाबून ठेवावा लागला किंवा सुरू झाल्यावर इंजिन एखाद्या सिलिंडरवर लंगडत राहिले तर कारण शोधल्याशिवाय पुढे जाऊ नये. मुंबईची थंडी ती काय, तिथेही सकाळी सुरू व्हायला त्रास देणारी गाडी इगतपुरीला जानेवारीत काय करील याचा विचार करावा.

धुराच्या रंगावरून काय समजते?

काळा धूर म्हणजे डिझेल पूर्ण जळत नाही. एअर फिल्टर चोंदलेला असणे, नोझल खराब असणे, टर्बोच्या पाइपला चीर असणे किंवा ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारी झडप) अडकणे ही त्याची नेहमीची कारणे आहेत, आणि त्यांतील काही स्वस्तात सुटतात. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल खाते आहे. रिंग, व्हॉल्व्ह सील किंवा टर्बो यांपैकी काहीतरी गेले आहे. थंड इंजिनातून येणारा पांढरा धूर काही क्षणांत थांबत असेल तर चिंता नको. इंजिन तापल्यावरही तो येत राहिला आणि रेडिएटरमधील पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केटची शंका घ्यावी.

बॉनेट उघडल्यावर आणखी काय पाहावे?

इंजिन चालू असताना ऑइल भरण्याचे झाकण सैल करून त्यावर तसेच ठेवावे. थोडीशी वाफ येणे स्वाभाविक आहे. झाकण उडू लागले किंवा धुराचे झोत सुटू लागले तर मिस्त्रींच्या भाषेत इंजिन ‘बॅक कॉम्प्रेशन’ मारत आहे, म्हणजे पिस्टन आणि लायनर झिजून दाब खालच्या बाजूला निसटत आहे. अशा इंजिनाचे काम करण्याचा खर्च किमतीतून वजा करूनच बोलणी करावीत. कूलंटच्या टाकीत तेलाचा तवंग, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय, टर्बोकडून इंटरकूलरकडे जाणाऱ्या पाइपमध्ये साचलेले ऑइल ही सगळी वाईट लक्षणे आहेत. पाइपच्या आत ऑइलचा हलका ओलावा मात्र चालतो. नुकतेच वाफेने धुऊन चकचकीत केलेले इंजिन पाहून खूश होण्याचे कारण नाही. धुळीने माखलेल्या इंजिनावर गळतीची जागा ओल्या पट्ट्याने आपोआप दिसते, धुतलेल्यावर ती दिसत नाही. म्हणून अशा गाडीची तपासणी अर्ध्या तासाच्या फेरीनंतर पुन्हा करावी.

चेसिस आणि पाट्यांची तपासणी कशी करावी?

या प्रश्नाला सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण इंजिन बदलता येते, पण वाकलेली किंवा गंजलेली चेसिस कोणी नीट करून देत नाही. गाडी खड्ड्यावर किंवा रॅम्पवर घेऊन टॉर्चने खालून पाहावे. मागच्या पाट्यांचे हँगर जिथे चेसिसला जोडलेले असतात तिथल्या चिरा, आडव्या पट्ट्यांच्या जोडावरील नवे वेल्डिंग आणि एकाच भागावर मारलेला जाड काळा रंग या तीन गोष्टींसाठी डोळे उघडे ठेवावेत. चेसिसचा गंज वरवरचा लाल असेल तर तो ब्रशने निघतो. थर सुटत असतील किंवा हातोडीचा आवाज खणखणीत न येता भद्द येत असेल तर पत्रा आतून खाल्ला गेला आहे. वरळी, वर्सोवा, माहूल, उरण यांसारख्या खाडी-समुद्राकाठी उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांत हे लवकर होते.

पाटे मोजावेत. कंपनीने दिलेल्या पाट्यांपेक्षा एखादा जाड पाटा जादा घातलेला असेल तर गाडी ओव्हरलोड चालत होती हे निश्चित. मालक त्याला ‘मजबुती’ म्हणेल. सपाट जागेवर उभ्या गाडीच्या मागून पाहून हौदा एका बाजूला कललेला आहे का ते पाहावे, यू-बोल्ट आणि मधला बोल्ट तपासावा. मागच्या ॲक्सलला जोडलेला, भारानुसार ब्रेकचा जोर बदलणारा व्हॉल्व्ह अनेक गाड्यांत असतो. त्याची दांडी तारेने बांधून ठेवलेली दिसली तर ब्रेकच्या तक्रारीवर काढलेला तो जुगाड आहे. प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस हाताने फिरवून त्यात किती खेळ आहे ते पाहावे आणि डिफरन्शियलच्या हाउजिंगखाली तेलाचे थेंब आहेत का ते पाहावे.

चेसिसवर ठोकलेला क्रमांक आर.सी. (नोंदणी प्रमाणपत्र) वरील क्रमांकाशी अक्षरशः जुळला पाहिजे. त्यावर पातळ कागद धरून पेन्सिल घासली की ठसा उमटतो. नावांतराच्या वेळी हा ठसा लागतोच, तर तो सौद्याआधीच घ्यावा. अक्षरांची उंची किंवा अंतर वेडेवाकडे असेल, आजूबाजूचा पत्रा घासलेला असेल, तर सौदा तिथेच सोडावा.

गाडी पुराच्या पाण्यात बुडालेली होती हे कसे ओळखावे?

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला गेला. त्या दिवसानंतर मुंबईतील जुन्या गाड्यांच्या बाजारात ‘पाण्यातली आहे का?’ हा प्रश्न कायमचा आला, आणि तेवढा नाही तरी प्रत्येक पावसाळ्यात हिंदमाता, सायन, कुर्ला, मिलन सबवे असे सखल भाग भरतात. डिझेल इंजिनात दाबाचे प्रमाण साधारण १६ ते १८ पट असते. एअर फिल्टरवाटे आत गेलेले पाणी दाबले जात नाही, त्यामुळे बंद पडलेल्या गाडीला चालकाने पुन्हा सेल्फ मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो. असे इंजिन नंतर सुरू होते, चालतेही, पण काही महिन्यांनी दगा देते.

सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढून शेवटच्या हातभर पट्ट्यावर गाळाची रेघ आहे का पाहावे. आसनाखालचे बोल्ट, पायाजवळील फ्यूज बॉक्स, हेडलाइटच्या आतील पाण्याची खूण आणि ईसीयूच्या (इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकाच्या) कनेक्टरमधील हिरवट बुरशीसारखा थर तपासावा. केबिनमध्ये फार तीव्र अत्तर मारलेले असेल तर पायाखालची मॅट उचलून वास घ्यावा.

चाचणी फेरी कशी घ्यावी?

रिकाम्या पिकअपची चाचणी म्हणजे निम्मी चाचणी. शक्य असल्यास सौदा पक्का करण्याआधी तीच गाडी एका फेरीसाठी भाड्याने घ्यावी आणि आपला नेहमीचा माल तिच्यात भरावा. ५० किलोच्या २० गोण्या म्हणजे एक टन होतो, तेवढा भार पुरेसा आहे. मालक आनंदाने तयार झाला तर ते शुभलक्षण मानावे. भरलेली गाडी एखाद्या लांब उड्डाणपुलाच्या चढावर किंवा ठाण्याकडे राहणाऱ्यांनी घोडबंदर रस्त्यावरील गायमुखच्या चढावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये न्यावी. इंजिनाचा आवाज वाढला पण वेग वाढला नाही तर क्लच घसरतो आहे. उतारावर ॲक्सिलरेटर सोडल्यावर गिअर आपोआप सटकतो का, भार असताना डिफरन्शियलमधून घोंघावल्यासारखा आवाज येतो का आणि तापमानाचा काटा वाहतुकीत अडकल्यावर वर चढतो का हे पाहावे. मोकळ्या सरळ रस्त्यावर स्टिअरिंगवरील पकड क्षणभर ढिली करून गाडी एका बाजूला ओढते का ते कळते. फेरीनंतर पाच मिनिटे इंजिन चालू ठेवून ऑइलच्या दाबाचा दिवा लुकलुकतो का हे आवर्जून पाहावे.

टायरवरून काही कळते का?

टायरच्या कडेवर चार अंकी क्रमांक असतो. २३२१ म्हणजे २०२१ च्या तेविसाव्या आठवड्यातील टायर. पुढच्या टायरची एकच कड झिजली असेल तर अलाइनमेंट किंवा किंगपिन-बॉल जॉइंटकडे पाहावे. मागच्या टायरवर रिट्रेड (झिजलेल्या टायरवरचा नवा रबरी थर) चढवलेले असणे गैर नाही, फक्त ते नव्याच्या भावात विकत घेऊ नये.

कोणती कागदपत्रे पाहावीत?

आर.सी., चालू विमा, फिटनेस प्रमाणपत्र अर्थात पासिंग, पीयूसी, कर भरल्याची पावती आणि लागू असेल तर परमिट ही मूळ कागदपत्रे हातात घेऊन पाहावीत; मोबाइलवरील फोटो चालणार नाही. व्यावसायिक गाडीचे पासिंग आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी करावे लागते. महाराष्ट्रात आठ वर्षांवरील व्यावसायिक गाड्यांना पर्यावरण करही भरावा लागतो. पासिंगच्या वेळी स्पीड गव्हर्नर, परावर्तक पट्ट्या, ब्रेक आणि दिवे तपासले जातात, म्हणून पासिंग संपलेली गाडी ‘दोन दिवसांत करून देतो’ या आश्वासनावर घेऊ नये. ते विक्रेत्याकडूनच पूर्ण करून घ्यावे. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदणी झालेल्या गाडीला उच्च सुरक्षा नंबर पाटी बसवलेली आहे का हेही पाहावे.

‘एमपरिवहन’ या सरकारी ॲपवर गाडीचा क्रमांक टाकल्यावर मालकाचे झाकलेले नाव, नोंदणी दिनांक, पासिंग, विमा, कर्जाची नोंद आणि काळ्या यादीतील नोंद दिसते. वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर ई-चलान पाहावेत. दंड थकीत असला की नावांतर अडते, आणि मुंबईत चार वर्षे फिरलेल्या टेम्पोवर एकही चलान नसेल तर उलट मलाच नवल वाटते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ‘वाहन समन्वय’ या सेवेवर गाडी चोरीच्या नोंदीत नाही याची खात्री करता येते. नावांतरासाठी नमुना २९ आणि ३० यांवर मालकाच्या सह्या लागतात. मोटार वाहन कायद्यातील कलम ५० नुसार विक्रेत्याने राज्यांतर्गत व्यवहारात १४ दिवसांत कळवायचे असते आणि खरेदीदाराने ३० दिवसांत अर्ज करायचा असतो.

आर.सी. वर कर्जाची नोंद असेल तर?

कर्ज फिटले आहे असे मालकाने सांगितले तरी कर्ज देणाऱ्या संस्थेची एनओसी आणि तिच्या सही-शिक्क्याचा नमुना ३५ (कर्जाची नोंद काढण्याचा अर्ज) हातात येईपर्यंत पूर्ण पैसे देऊ नयेत. मला त्रास दिलेली ती गाडी याच कारणाने अडकली. दलालाने ‘एनओसी आठवड्यात येते’ म्हणून सांगितले आणि मी ऐंशी टक्के रक्कम देऊन गाडी आणली. प्रत्यक्षात मालकाचे शेवटचे काही हप्तेच थकलेले होते. कागद येईपर्यंत साडेचार महिने गाडी माझ्या दारात आणि नाव दुसऱ्याचे, अशी अवस्था होती. थकीत रक्कम असल्यास खरेदीदाराने ती मालकाच्या हाती न देता थेट कर्जखात्यात भरावी, पावती घ्यावी आणि उरलेली रक्कम एनओसी मिळाल्यावर द्यावी.

वित्तसंस्थेने ओढून आणलेली गाडी लिलावात घ्यावी का?

पहिलीच गाडी घेत असाल तर घेऊ नये. लिलावात गाडी ‘आहे तशी’ विकली जाते, चालवून पाहता येत नाही, आणि कर्जदाराकडून आर.सी. मिळालेली नसल्यास नमुना ३६ द्वारे आधी वित्तसंस्थेच्या नावावर नवी आर.सी. काढावी लागते. यार्डात पावसाळाभर उभी राहिलेली गाडी बॅटरी, ब्रेक आणि टायर यांचा वेगळा खर्च मागते. अनुभवी मिस्त्री सोबतीला असेल तर गोष्ट वेगळी.

दिल्ली किंवा गुजरातची गाडी स्वस्त मिळते, घ्यावी का?

दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यावर तिथल्या अनेक गाड्या इतर राज्यांत विकल्या गेल्या. अशा गाडीसाठी नमुना २८ ची एनओसी, महाराष्ट्रातील पुनर्नोंदणी आणि इथला कर लागतो. हे सर्व धरून बेरीज केली की स्वस्ताई बहुधा उरत नाही.

विमा आणि परमिट यांबद्दल काय लक्षात ठेवावे?

नो-क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) हा मालकाचा असतो, गाडीचा नव्हे. त्यामुळे विमा आपल्या नावावर करताना फरकाची रक्कम भरावी लागते. थर्ड पार्टी संरक्षण विक्रीनंतर खरेदीदाराकडे आपोआप येते, तरी विमा कंपनीला १४ दिवसांत कळवावे. ७५०० किलोपर्यंतच्या मालवाहू चारचाकीचा थर्ड पार्टी हप्ता २०२२ च्या दरपत्रकात १६,०४९ रुपये होता, तेव्हा ‘विमा पुढच्या महिन्यात संपतो’ या वाक्याची किंमत किती ते समजून घ्यावे. एकूण वजन ३००० किलोपेक्षा जास्त नसलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. बोलेरो पिकअपच्या काही आवृत्त्या या मर्यादेच्या आत आणि काही बाहेर आहेत, म्हणून आर.सी. वरील एकूण वजन वाचावे. चालकाच्या बाबतीत, हलक्या मोटार वाहनाचे लायसन असणारा ७५०० किलोपेक्षा कमी वजनाचे मालवाहू वाहन चालवू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे.

मुंबईत डिझेल गाड्यांवर बंदी येणार आहे का?

मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये हवेच्या प्रदूषणाच्या प्रकरणात हा विषय काढल्यानंतर राज्य सरकारने पेट्रोल-डिझेल वाहने टप्प्याटप्प्याने कमी करण्याचा अभ्यास करण्यासाठी समिती नेमली. खरेदीदाराने यातून एवढेच घ्यावे की दहा वर्षांची डिझेल पिकअप ‘आणखी दहा वर्षे चालेल’ या हिशेबाने घेऊ नये. सौद्याआधी, ज्या आरटीओत गाडी आपल्या नावावर होणार आहे, म्हणजे ताडदेव, अंधेरी, वडाळा किंवा बोरिवली, तिथे त्या वयाच्या आणि त्या इंधनाच्या गाडीचे नावांतर व पासिंग होते का हे विचारून यावे.

किंमत कशी ठरवावी?

मागितलेल्या किमतीत टायर, क्लच, बॅटरी, विमा, पासिंग आणि नावांतर यांचा खर्च मिळवून जी बेरीज येईल तीच गाडीची खरी किंमत समजावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू वाहनांवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे नव्या गाडीची किंमत उतरली. तरी काही विक्रेते जुन्या गाडीचा भाव जुन्याच हिशेबाने सांगतात. नव्या गाडीची आजची ऑन-रोड किंमत कागदावर लिहून सोबत न्यावी, बोलणे त्याच कागदावरून सुरू करावे. दलालाचे कमिशन कोण देणार हे टोकन देण्यापूर्वी ठरवावे.

ताबा घेताना काय करावे?

दोन्ही किल्ल्या, मूळ कागद, जॅक, स्टेपनी आणि हौद्याची ताडपत्री मोजून घ्यावी. जुन्या मालकाचा फास्टॅग काढून टाकायला सांगावा. ताबा पावती दोन प्रतींत करून तीवर तारखेबरोबर वेळही मिनिटासकट लिहावी, मीटरचा आकडा टाकावा आणि दोघांनी सह्या कराव्यात. कारण त्याच दिवशी दुपारी सव्वाबाराला सायनला कापलेले चलान कोणाचे, हा वाद त्या एका ओळीनेच मिटतो.